आधी करंट शून्य, मग कॉन्टॅक्ट उघडा: घरी बांधलेला ईव्ही चार्जर बंद करण्याची रीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही घरी चार्जर बांधलाय. २३० व्होल्टचा मेन सप्लाय ब्रिज रेक्टिफायरमधून डीसी करून २००० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटर बँकेवर घेतला, पुढे एक आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि चोक (ऊर्जा साठवणारी कॉइल) घालून बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, केला. ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे आयसोलेशन (मेनपासून विद्युत अलगता) नाही. बॅटरी एलएफपीची (लिथियम आयर्न फॉस्फेट), ४५ सेल सिरीजमध्ये, १५ अँपिअरने चार्ज होते. चार्जिंग नीट चालतं, पण बंद करताना घोळ होतो. एकदा बॅटरीचा कनेक्टर काढताच आउटपुटचा कॅपॅसिटर फुटला आणि त्याच्यामागे आयजीबीटी गेला. त्यानंतर आउटपुटला रिले लावला, तर तो तिसऱ्या दिवशी चिकटला. आता आधी मेनचा स्विच बंद करायचा की आधी बॅटरी काढायची, असं तुम्ही विचारता.

थेट उत्तर असं: दोन्हींच्या आधी करंट शून्यावर आणायचा, आणि तो आयजीबीटीचं गेट, म्हणजे त्याचं नियंत्रणाचं टोक, बंद करून आणायचा. मग मेन तोडायचा, थोडं थांबायचं, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी सोडवायची. तुमच्या दोन्ही अपघातांत कॉन्टॅक्टला वाहता डीसी करंट तोडावा लागला. हा क्रम हाताने लक्षात ठेवून पाळायचा नसतो, सर्किटमध्येच बांधायचा असतो. रात्री साडेअकराला झोपेत चार्जर बंद करणारा माणूस क्रम विसरतो, मीही विसरलो आहे.

आधी कॅपॅसिटर का फुटला ते पाहू. ४५ सेल, प्रत्येकी ३.६५ व्होल्ट, म्हणजे भरलेल्या बॅटरीचे साधारण १६४ व्होल्ट. तुम्ही आउटपुटला २०० व्होल्टचा, २० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावलात, आणि हिशेब करून लावलात. बॅटरी जोडलेली असेपर्यंत तो बरोबरही होता, कारण आउटपुटचा व्होल्टेज बॅटरी धरून ठेवते, चार्जर नव्हे. कनेक्टर निघाला की धरणारं कोणी राहत नाही. १५ अँपिअर करंट चोकमधून येतच असतो आणि त्याला जायला तेवढा एक छोटा कॅपॅसिटर उरतो. १५ भागिले २० मायक्रोफॅरड केलं की दर मायक्रोसेकंदाला पाऊण व्होल्ट चढतो. १०० मायक्रोसेकंदांत ७५ व्होल्ट. तुमच्या प्रोग्रॅमचा लूप १० मिलिसेकंदांचा आहे. तो पुढचं रीडिंग घेईपर्यंत आउटपुट बसच्या (रेक्टिफायरनंतरच्या कॅपॅसिटर बँकेच्या), म्हणजे ३२५ व्होल्टच्या जवळ पोचलेला असतो. त्यातून तुमचा कंट्रोल करंटवर आहे. करंट पडलेला दिसला की तो ड्यूटी (आयजीबीटी चालू राहण्याच्या वेळेचं प्रमाण) वाढवतो, म्हणजे आगीत तेल. २०० व्होल्टचा कॅपॅसिटर शॉर्ट झाला, पूर्ण ड्यूटीवर असलेल्या आयजीबीटीला समोर शॉर्ट मिळाला, आणि दोघेही गेले. तुमच्या आयजीबीटीत खोट नव्हती.

यावर उपाय तीन आहेत आणि तिन्ही हवेत. आउटपुटचा कॅपॅसिटर ४५० व्होल्टचा घ्या, बॅटरी कितीही व्होल्टची असो. बकचा आउटपुट बिघाडात कुठवर जाऊ शकतो हे बस ठरवते, बॅटरी नाही. दुसरा म्हणजे हार्डवेअरचा ओव्हरव्होल्टेज ट्रिप: एलएम३९३ सारखा साधा कंपॅरेटर, आउटपुट १७५ व्होल्टला गेला की गेट ड्रायव्हर (गेटला सिग्नल देणारी चिप) थेट बंद करणारा आणि बंदच ठेवणारा. मायक्रोकंट्रोलरला यात विचारायचं नाही. गेट बंद झाल्यावरही चोकमधली ऊर्जा कॅपॅसिटरमध्ये येणारच. तुमच्या ४०० मायक्रोहेन्रीच्या चोकमध्ये १५ अँपिअरला ०.०४५ ज्यूल असते. ती २० मायक्रोफॅरडमध्ये ओतली की १७५ चे १८७ व्होल्ट होतात. ४५० च्या कॅपॅसिटरला त्याचं काही वाटणार नाही.

तिसरा उपाय कनेक्टरमध्येच आहे. मुख्य पिनांपेक्षा आखूड अशी एक पायलट पिन ठेवा. कनेक्टर ओढायला लागलं की ती आधी सुटते, मोठ्या पिना अजून अडकलेल्या असतात. तिची वायर गेट ड्रायव्हरच्या एनेबलला द्या. जे १७७२ प्रकारच्या सार्वजनिक चार्जिंग प्लगमध्ये नेमका हाच विचार आहे: खटक्याचं बटण दाबलं की प्रॉक्सिमिटी सर्किटचा रेझिस्टन्स बदलतो, गाडीतल्या चार्जरला कळतं की प्लग निघणार आहे, आणि पिना सुटण्याआधी तो करंट उतरवू शकतो. शिवाय पायलट लाइनवरचा व्होल्टेज गाडी जोडली की १२ चा ९ आणि चार्जिंग मागितलं की ६ होतो. प्लग सुटला की तो परत १२ वर जातो आणि चार्जिंग स्टेशनमधला काँटॅक्टर (मोठ्या करंटचा रिले) उघडतो. आपल्याला एवढं सगळं नको, आखूड पिन पुरते.

आता रिले. तुम्ही लावलेला ३० अँपिअरचा रिले गाड्यांच्या वायरिंगमधला आहे, त्याचं रेटिंग १४ व्होल्ट डीसीला असतं. करंटचा आकडा पाहून घेतलात, व्होल्टेजचा आकडा बारीक अक्षरात होता. एसीचा करंट ५० हर्ट्झला सेकंदाला १०० वेळा आपणहून शून्यातून जातो, म्हणून आर्क विझायला जागा मिळते. डीसीला ती सवलत नाही. कॉन्टॅक्ट मिलिमीटरभर उघडले, मधे १५० व्होल्ट आणि १५ अँपिअर असले, तर आर्क पेटलेलाच राहतो, कॉन्टॅक्टचा धातू वितळतो आणि थंड होताना दोन्ही टोकं एक होतात. घरगुती रिलेवर बहुतेकदा २५० व्होल्ट एसी आणि ३० व्होल्ट डीसी असं शेजारी शेजारी छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा तुमचा. एसीचा एमसीबी डीसी बाजूला लावून काम भागवू नका, त्याचंही तेच होतं.

सुरुवातीला मी स्वतः एकदा १८ अँपिअर चालू असताना कनेक्टर ओढला होता. निळसर जांभळी जीभ दोन पिनांमध्ये ताणली गेली आणि मी हात मागे घेतला तशी ती माझ्या हातामागे आली. आवाज ठिणगीचा नव्हता, वेल्डिंगचा होता. नंतर पाहिलं तर चांदीचा मुलामा दिलेल्या पिनेवर तिळाएवढा खड्डा, कडेला वितळून गोठलेला मणी, आणि कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या कवचावर काजळी. तो मणी पुढच्या वेळी समोरच्या पिनेला ओरखडत आत गेला, जोड सैल बसला, आणि दोन आठवड्यांनी नेहमीच्या चार्जिंगलाच कनेक्टर गरम व्हायला लागला. एकदा ओढल्याची किंमत अशी मागाहून वसूल होते. तुमच्या कनेक्टरच्या पिना भिंग घेऊन बघाच. खड्डा दिसला तर घासून गुळगुळीत करू नका, बदला.

डीसी बाजूला खरा डीसी काँटॅक्टर लावा, ज्यावर तुमच्या व्होल्टेजला करंट तोडण्याची क्षमता लिहिलेली आहे. अनेकांत आर्क ढकलायला लोहचुंबक असतो, आणि त्यातल्या काहींना धन-ऋण दिशा असते. दिशा उलटी जोडली तर चुंबक आर्कला आत ओढतो. कॉइलवर नुसता साधा डायोड घालू नका. त्याने कॉइलमधला करंट रेंगाळतो, कॉन्टॅक्ट आळसावत उघडतात आणि चिकटण्याचा धोका वाढतो. १२ व्होल्टच्या कॉइलला डायोडच्या सिरीजमध्ये २४ किंवा ३६ व्होल्टचा झेनर घाला, सुटणं झटक्यात होतं. काही काँटॅक्टरांत हे आतच केलेलं असतं, मग बाहेरून काहीच जोडू नका.

आता क्रम. बटण दाबलं की प्रोग्रॅमने करंटचा सेट पॉइंट एक-दोन सेकंदांत शून्यावर उतरवायचा, इंटिग्रेटर (करंटमधली तफावत साठवत जाणारा कंट्रोलचा भाग) रिकामा करायचा, मग गेट एनेबल काढायचा. हॉल सेन्सरवर (करंट मोजणाऱ्या सेन्सरवर) करंट अर्ध्या अँपिअरखाली आला हे बघायचं. त्यानंतर मेनचा एसी काँटॅक्टर उघडायचा, सेकंदभर थांबायचं, आणि मग डीसी काँटॅक्टर. पंखा त्यानंतरही पाचेक मिनिटं चालू द्या, हीटसिंकमधली उष्णता गेट बंद झाल्याबरोबर जात नाही.

मेन आधी आणि बॅटरी नंतर, यामागे एक कारण आहे जे फारसं कोणी सांगत नाही. गेट बंद करूनही करंट शून्यावर आला नाही तर? म्हणजे आयजीबीटी शॉर्ट झालाय, आणि बस आता चोकमधून सरळ बॅटरीला जोडली गेली आहे. अशा वेळी डीसी काँटॅक्टर आधी उघडला तर त्याला सगळ्यात वाईट क्षणी सगळ्यात वाईट करंट तोडावा लागतो. त्याऐवजी एसी तोडला, तर ते तुलनेने सोपं काम आहे आणि बिघाडाची ऊर्जा मुळातच बंद होते. २००० मायक्रोफॅरडची बस ३२५ वरून बॅटरीच्या पातळीला यायला १५ अँपिअरला जेमतेम २१ मिलिसेकंद लागतात, आणि तिथे करंट आपणहून थांबतो. मग डीसी काँटॅक्टर निवांत उघडतो. म्हणजे रोजच्या बंद करण्याला आणि बिघाडाच्या बंद करण्याला हाच क्रम चालतो. म्हणून इमर्जन्सी स्टॉपलाही हाच ठेवा: लाल बटणाने गेट आणि एसी काँटॅक्टर लगेच सोडायचे, डीसी काँटॅक्टर तीन-चार दशांश सेकंदांनी, साध्या टाइमर रिलेने किंवा वेगळ्या आरसी सर्किटने.

लाल बटण मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडून ठेवणारे बरेच जण पाहिले. तसं करू नका. १२ व्होल्टची एकच साखळी करा: लाल बटणाचा नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट, हीटसिंकवरचा ८५ अंशांचा थर्मोस्टॅट, कनेक्टरची पायलट पिन, बीएमएसचा (बॅटरीचे सेल सांभाळणाऱ्या सर्किटचा) चार्ज परवानगीचा कॉन्टॅक्ट. सगळे सिरीजमध्ये. यातलं काहीही उघडलं, किंवा नुसती वायर तुटली, तरी गेट ड्रायव्हर आणि एसी काँटॅक्टर सुटले पाहिजेत. प्रोग्रॅम हँग झाला तरी साखळीला फरक पडत नाही. गेट ड्रायव्हरच्या इनपुटला आणि आयजीबीटीच्या गेटला प्रत्येकी १० किलोओहमचा पुलडाऊन (सिग्नल नसताना शून्यावर धरणारा रेझिस्टर) हवाच, कारण कंट्रोलर रिसेट होताना त्याच्या पिना हवेत असतात. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर) आणि ब्राउनआउट (व्होल्टेज पडला तर) रिसेट दोन्ही चालू ठेवा. तुमच्याकडे एटमेगा ३२८ आहे, पाच व्होल्टवर चालवताना ब्राउनआउटची पातळी ४.३ व्होल्टला ठेवा.

बीएमएसबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. एखादा सेल ३.६५ वर गेला की बीएमएस आपले मॉस्फेट उघडून चार्जिंग तोडतो, मग आपल्याला काय काळजी, असं वाटतं. चार्जरच्या दृष्टीने ते कनेक्टर ओढण्यासारखंच आहे. कॅपॅसिटर फुटण्याची कथा तिथूनच पुन्हा सुरू होते. बीएमएसने चार्जरला "थांब" सांगायचं, स्वतः तोडणं हा त्याचा शेवटचा मार्ग. पहिला थांबवणारा चार्जरचा स्वतःचा सीव्ही (स्थिर व्होल्टेजचा) टप्पा असावा: व्होल्टेज १६४ च्या थोडं खाली धरून करंट एक-दोन अँपिअरवर उतरला की बंद. एवढ्या कमी करंटवर पुढची कुठलीही चूक स्वस्त पडते.

आणि लाइट गेली तर? बसचा व्होल्टेज बॅटरीच्या जवळ उतरतो, करंट थांबतो, पण कंट्रोलरला वाटतं करंट कमी पडतोय. इंटिग्रेटर चढत चढत पूर्ण ड्यूटीवर जाऊन बसतो. दहा मिनिटांनी लाइट आली की पूर्ण उघड्या आयजीबीटीवर ३२५ व्होल्ट येतात. चार्जर लाइट आल्यावर फुटला असं सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न इंटिग्रेटरचा विचारतो. बस १२ टक्क्यांहून जास्त पडली की बंदचा पूर्ण क्रम चालवा आणि पुन्हा सुरू करणं माणसाच्या हाताने, बटण दाबूनच ठेवा. एसी काँटॅक्टरची कॉइल स्वतःच्या कॉन्टॅक्टवर धरून ठेवायची जुनी पद्धत इथे चपखल बसते, लाइट गेली की तो पडतो आणि आल्यावर आपोआप चढत नाही. बसच्या प्रीचार्जचा (सुरुवातीला कॅपॅसिटर हळू भरण्याचा) रेझिस्टर बायपास करणारा रिलेही त्याच वेळी पडला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी रिकाम्या कॅपॅसिटरांवर थेट मेन पडेल.

सगळ्यात महत्त्वाचं आता लिहितो, कारण याने माणूस जातो. मेनचा प्लग काढला म्हणजे डबा मेला, हे तुमच्या सर्किटमध्ये खरं नाही. आयजीबीटीच्या आत उलटा डायोड आहे. बॅटरीकडून चोकमधून त्या डायोडमार्गे करंट मागे बसवर येतो. मेन काढून तास झाला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बसवर बॅटरीएवढे व्होल्ट असतात, आणि त्यांच्यामागे कॅपॅसिटरची नव्हे, अख्ख्या बॅटरीची ताकद असते. आउटपुटला सिरीजमध्ये एक डायोड घातला तर हा उलटा मार्ग बंद होतो, आणि बॅटरी जोडताना रिकाम्या कॅपॅसिटरमुळे उडणारी ठिणगीही जाते. १५ अँपिअरला त्यात साधारण १५ वॅट उष्णता होईल, हीटसिंक द्या. बॅटरीचा व्होल्टेज मोजण्याची वायर मात्र डायोडच्या पलीकडून, बॅटरीच्या बाजूने घ्या, आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिपची अलीकडून, कॅपॅसिटरवरून.

डायोड घातला आणि बॅटरी सोडवली, तरी बसमध्ये ३२५ व्होल्टला १०५ ज्यूल उरतात. ते उतरवायला ब्लीडर (कॅपॅसिटर रिकामा करणारे रेझिस्टर) कायमचे जोडून ठेवा. २२ किलोओहमचे, १० वॅटचे दोन रेझिस्टर पॅरलल, वेगवेगळ्या सोल्डरवर. प्रत्येकात पावणेपाच वॅट जळतात, बस साधारण ३७ सेकंदांत ६० व्होल्टखाली येते, आणि एक तुटला तर दुप्पट वेळ लागतो, पण येते. झाकणावर "५ मिनिटं थांबा" लिहून ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून उतरवू नका. घाई असेल तर जुने पिवळे २३० व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये, इन्सुलेटेड प्रोबसह वापरा. आणि बल्ब विझला म्हणजे शून्य झालं असं धरू नका, तीस-चाळीस व्होल्टला तो दिसत नाही. बल्ब विझतच नसेल तर थांबा, बॅटरी कुठूनतरी अजून जोडलेली आहे.

मोजताना मीटर आधी माहीत असलेल्या चालू ठिकाणी तपासा, मग बसवर लावा, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या रीडिंगच्या वेळी प्रोबची वायर तुटलेली असेल तर शून्यच दिसतं. आणि आकडा पडताना बघा: २८०, २५५, २३०, मग हळूहळू दम सुटल्यासारखा. १५० च्या आसपास येऊन तो गोठला तर हात मागे.

आयसोलेशन नसल्यामुळे चार्जिंग चालू असताना बॅटरीचं प्रत्येक टर्मिनल मेनशी जोडलेलं असतं. म्हणून तोडणारे स्विच दोन पोलचे घ्या. एकाच पोलचा असेल आणि प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे आले, तर तुम्ही न्यूट्रल तोडता आणि सगळं फेजवर लटकत राहतं. गाडीची बॉडी अर्थ करा, बॅटरी बॉडीला कुठेही लागू देऊ नका. ३० मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर हवाच, पण तो टाइप बी हवा, कारण डीसी लीकेजने साधा ब्रेकर बधिर होतो आणि गरजेला पडत नाही. खरं सांगायचं तर पुढचा चार्जर आयसोलेटेड बांधा. हा वापराल तोवर चार्जिंग चालू असताना गाडीखाली हात घालू नका.

चाचणी लहान करंटवर करा. आधी बॅटरीच्या जागी हीटर, एक अँपिअर, आउटपुट काढा आणि व्होल्टेज किती चढतो ते ऑसिलोस्कोपवर बघा. प्रोब डिफरन्शियलच हवा. साध्या प्रोबची मगर-क्लिप अर्थला असते, ती या सर्किटला लावली की मेन शॉर्ट होतो. मग ३ अँपिअर, मग ८, मग १५. प्रत्येक टप्प्याला शिखर १९० व्होल्टखाली राहिलं पाहिजे. त्यानंतर बॅटरी जोडून साखळीतलं एकेक बटण, थर्मोस्टॅटची वायर, पायलट पिन वेगवेगळी उघडून बघा. प्रत्येक वेळी आधी एसी काँटॅक्टरचा "टक", मग थोड्या अंतराने डीसीचा. दुसरा टक ऐकू आला नाही, किंवा काँटॅक्टर उघडल्यावरही त्याच्या चार्जरकडच्या टोकाला बॅटरीचा व्होल्टेज उतरत नसेल, तर तो चिकटलाय, आणि पुढचं चार्जिंग सुरूच होऊ नये अशी तपासणी प्रोग्रॅममध्ये टाका. तुमचा चिकटलेला रिले तीन दिवस वापरात होता. नेमका कधी चिकटला हे तुम्हाला कळलं नाही, कारण कोणी बघतच नव्हतं.